फॉरमॅट करू का? बॅकअपची पोर्टेबल हार्ड डिस्क संगणकाला जोडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. बॅकअपसाठी २ टेराबाइटची पोर्टेबल हार्ड डिस्क घेतली. विंडोज लॅपटॉपवरचे फोटो आणि कागदपत्रं तिच्यात उतरवली आणि लॅपटॉपवर जागा हवी म्हणून तिथले काही फोल्डर उडवले. महिनाभर सगळं ठीक होतं. आता डिस्क लावली की दिवा लागतो, जोडल्याचा आवाजही येतो, पण ‘धिस पीसी’मध्ये ती दिसत नाही. दुसऱ्या संगणकावर लावली तर ‘वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ अशी चौकट येते. करू का फॉरमॅट? आणि मुळात ही डिस्क जोडायची बरोबर रीत कोणती?

नका करू. ‘कॅन्सल’ दाबा, डिस्क काढून बाजूला ठेवा आणि मग पुढचं वाचा.

ती चौकट फसवी आहे. संगणकाला त्यातून एवढंच सांगायचं असतं की समोरच्या डिस्कवरची मांडणी मला वाचता आली नाही. डिस्क रिकामी आहे असं तो म्हणत नाही. कोरी करकरीत डिस्क असो, मॅकवर तयार केलेली असो, किंवा सुरुवातीचा एखादा सेक्टर (डिस्कवरचा साठवणीचा छोटा कप्पा) बिघडलेली पण आत सगळे फोटो शाबूत असलेली असो, विंडोज तिघींनाही तोच प्रश्न विचारतो. कधीकधी तर डिस्कमध्ये काहीच दोष नसतो. केबल सैल असल्यामुळे वाचन अर्ध्यावर तुटतं आणि तरी हीच चौकट समोर येते. माझ्याकडे आलेल्या कितीतरी डिस्कांचं खरं नुकसान बिघाडाने झालेलं नव्हतं, या चौकटीला घाईत दिलेल्या होकाराने झालेलं होतं.

‘क्विक फॉरमॅट’ने डेटा जात नाही, फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, असं तुम्ही ऐकलं असेल. फिरत्या तबकडीच्या डिस्कबाबत ते बऱ्याच अंशी खरं आहे, पण फोल्डरांची नावं आणि रचना परत मिळवणं त्यानंतर फार अवघड होऊन बसतं. क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं, तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या आवृत्त्या अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितात. त्यानंतर काहीच उरत नाही. आणि डिस्क एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी) असेल तर क्विक फॉरमॅटही पुष्कळदा तिला ‘ही सगळी जागा मोकळी समज’ असा आदेश देतं, मग आतला कंट्रोलर ती स्वतःहून साफ करून टाकतो.

आता तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्याकडे येतो, कारण सगळी काळजी तिथे आहे. लॅपटॉपवरचे फोल्डर तुम्ही उडवलेत. ज्या क्षणी ते उडवले, त्या क्षणी ही डिस्क बॅकअप राहिली नाही, त्या फोटोंची एकुलती एक प्रत झाली. म्हणून इथून पुढचा क्रम ठरवून घ्या: आधी फाइली बाहेर काढायच्या, डिस्क दुरुस्त करायची की टाकून द्यायची ते नंतर बघायचं. लॅपटॉपचं रिसायकल बिनही आत्ताच उघडून पाहा. फोल्डर अजून तिथेच पडलेलं असण्याची शक्यता वाटते त्यापेक्षा जास्त असते. सापडलं तर निम्मं काम तिथेच झालं.

दोन संगणकांवर दोन वेगळी लक्षणं दिसताहेत, त्यामुळे माझा पहिला संशय केबल आणि वीज यांच्यावर आहे. जोडल्याचा आवाज आला म्हणजे डिस्क चालू झाली, असा समज असतो. तो आवाज फक्त केसिंगमधल्या छोट्या यूएसबी चिपने ‘मी आले’ म्हटल्याचा असतो. ती चिप अगदी कमी विजेवर जागी होते. तबकडी फिरवायला मात्र सुरुवातीच्या काही सेकंदांत नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज लागते. यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९०० देतो. पोर्टेबल डिस्क या दुसऱ्या आकड्याच्या हिशेबाने बनवलेली असते. जुना पोर्ट, लांब किंवा बारीक तारेची केबल, स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब, यातलं काहीही मधे आलं की चिप बोलते पण तबकडी वेग घेत नाही. लक्षण ओळखू येतं: दिवा लागतो, जोडल्याचा आवाज येतो, थोड्या वेळाने सुटल्याचा, परत जोडल्याचा. डिस्क हातात हलकेच धरली तर तबकडी फिरू पाहते आणि थांबते तेही जाणवतं. हे वारंवार होऊ देऊ नका. पुरेशा विजेशिवाय पुन्हा पुन्हा सुरू होणं डिस्कला अजिबात मानवत नाही.

तेव्हा आधी केबल बदला. पोर्टेबल हार्ड डिस्कला बहुधा ते चपटं, मधे खाच असलेलं, दोन तुकडे शेजारी ठेवल्यासारखं तोंड असतं. त्याला मायक्रो-बी म्हणतात. बॅगेत कोंबताना सगळा ताण त्याच सांध्यावर येतो, आणि दिसायला धड असलेली केबल आतून एका तारेत तुटलेली असते. त्या तोंडाच्या रुंद भागात जुन्या मोबाइलची केबलही बसते आणि डिस्क तिच्यावर चालतेही, पण यूएसबी २ च्या गतीने आणि तेवढ्याच विजेवर. टाइप-सी असेल तर घोळ अजून वाढतो. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन केबलींपैकी एक १० गिगाबिटची असते आणि दुसरी फक्त चार्जिंगपुरती, जिच्यातून डेटा यूएसबी २ च्या गतीनेच जातो. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली केबल बहुतेक दुसऱ्या जातीची. डिस्कबरोबर आलेली केबल डिस्कच्या खोक्यातच ठेवायची सवय याचसाठी लावा.

बदललेली केबल थेट संगणकाच्या पोर्टला लावा, मधे हब नको. डेस्कटॉप असेल तर पुढच्या बाजूचे पोर्ट सोडा आणि मागचे, मदरबोर्डवरचे वापरा. पुढचे पोर्ट आतून एका तारेने जोडलेले असतात आणि तिथे वीज आणि सिग्नल दोन्ही कमजोर पडू शकतात. लॅपटॉपला चार्जर लावून ठेवा. टाइप-ए पोर्ट आतून निळा असेल तर तो सहसा यूएसबी ३ चा. काही कंपन्या हा रंग पाळत नाहीत, तिथे ‘एसएस’ ही खूण शोधा. पिन एका दमात, सरळ, शेवटपर्यंत बसवा. निळ्या पोर्टमध्ये यूएसबी २ चे संपर्क आधी जुळतात आणि जलद गतीचे नंतर. पिन रेंगाळत आत गेली तर संगणक पहिल्या संपर्कावरच ओळख उरकतो आणि डिस्क जुन्या गतीवर अडकते.

जाता जाता एक गोष्ट. डिस्क लावल्यावर वायरलेस माउस अडखळायला लागला, तर ते माउसचं दुखणं नाही. यूएसबी ३ चा सिग्नल २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट करतो, हे इंटेलने २०१२ मध्ये रीतसर मोजून प्रसिद्ध केलं आहे. माउसचा छोटा रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा, काम होतं.

केबल आणि पोर्ट बदलूनही तेच होत असेल, तर ‘धिस पीसी’कडे बघत बसण्यात अर्थ नाही. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, यादीतून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. ‘धिस पीसी’ला फक्त (डी, ई असं) अक्षर मिळालेले भाग दिसतात, इथे डिस्क स्वतः दिसते. उघडताक्षणी ‘इनिशियलाइज डिस्क’ अशी चौकट आली, तर तिलाही कॅन्सल. इनिशियलाइज म्हणजे नवं विभाजन कोष्टक, म्हणजे डिस्कचा कोणता विभाग कुठे आहे याची यादी, लिहिणं, आणि आपल्याला या डिस्कवर सध्या एक अक्षरही लिहायचं नाही.

खालच्या भागात तुमच्या डिस्कचा पट्टा शोधा. आकडा १८६३ जीबीच्या आसपास असेल. कंपनी टेराबाइट दहाच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, म्हणून २ टेराबाइटचे एवढेच दिसतात. त्यात काही चोरी नाही. आकडा बरोबर आहे याचा अर्थ डिस्कचं डोकं शुद्धीवर आहे, ही चांगली खूण. आकडा शून्य असेल किंवा ‘नो मीडिया’ लिहिलं असेल, तर चिप बोलते आहे पण तिच्या मागची डिस्क उत्तर देत नाही. मग दोष विजेचा, केसिंगमधल्या सर्किटचा किंवा थेट डिस्कचा, आणि सॉफ्टवेअरने त्यावर काही होणार नाही.

पट्ट्यावर ‘एनटीएफएस’ (विंडोजची फाइली मांडायची नेहमीची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टीम) आणि ‘हेल्दी’ दिसतं पण अक्षर नाही, हे सगळ्यात सुखाचं निदान. एखाद्या नेटवर्क फोल्डरने किंवा कार्ड रीडरने तेच अक्षर अडवलेलं असतं. पट्ट्यावर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर’मधून लांबचं एखादं अक्षर द्या, मी बॅकअपच्या डिस्कला नेहमी शेवटाकडचं देतो, म्हणजे पुन्हा टक्कर होत नाही. ‘ऑफलाइन’ लिहिलं असेल तर डाव्या बाजूच्या नावावर राइट क्लिक करून ‘ऑनलाइन’ करता येते. एका डिस्कची हुबेहूब क्लोन केलेली दुसरी डिस्क एकाच वेळी जोडलेली असली की असं होतं. ‘रॉ’ लिहिलं असेल तर विभाग जागेवर आहे पण त्याची फाइल सिस्टीम वाचता येत नाही. फॉरमॅटची चौकट बघता तुमच्याकडे हेच दिसेल असा माझा अंदाज आहे. आणि सगळा पट्टा काळा, ‘अनअलोकेटेड’, असेल तर विभाजन कोष्टकच हरवलं आहे. भीतिदायक दिसतं, पण त्या कोष्टकात जेमतेम काही ओळींची माहिती असते आणि ती पुष्कळदा पुन्हा शोधून काढता येते.

‘रॉ’ दिसलं की इंटरनेटवर दर दुसरा माणूस ‘चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवा’ म्हणून सांगतो. इथे माझं मत ठाम आहे: एकुलत्या एका प्रतीवर चेकडिस्क चालवू नका. त्याचं काम फाइल सिस्टीम सुसंगत करणं हे आहे, तुमचे फोटो वाचवणं हे नाही. जी नोंद जुळत नाही ती तो कापतो, तुकडे एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो, आणि त्याने केलेलं परत फिरवता येत नाही. त्यात डिस्कवर खराब सेक्टर असतील तर तो त्याच त्या दुखऱ्या जागेवर पुन्हा पुन्हा वाचत राहतो आणि कशीबशी तग धरून असलेली डिस्क कायमची बसते.

त्याऐवजी आधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर बहुतेक यूएसबी डिस्कांची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, दाखवतं. चार ओळी वाचा. ‘रीअलोकेटेड सेक्टर’ म्हणजे खराब ठरवून बदललेले सेक्टर. ‘करंट पेंडिंग’ म्हणजे वाचता न आल्यामुळे संशयात असलेले, आणि तुमच्यासाठी हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची. ‘अनकरेक्टेबल’ नावावरूनच कळतं. ‘सीआरसी एरर’ची संख्या वाढत असेल तर दोष तबकडीचा नसून जोडणीचा असण्याची शक्यता जास्त. पहिल्या तिन्ही ओळींत शून्य असेल तर डिस्क शरीराने धड आहे आणि बिघाड फक्त मांडणीचा आहे.

तसं असेल तर टेस्टडिस्क हे हरवलेले विभाग आणि फाइली शोधणारं सॉफ्टवेअर वापरा. ते मोफत आणि मुक्त आहे. दिसायला रुक्ष, काळ्या पडद्यावरचं, पण याहून प्रामाणिक साधन मला ठाऊक नाही. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची (मांडणीची मूळ माहिती असलेल्या पहिल्या सेक्टरची) एक प्रत विभागाच्या अगदी शेवटी ठेवतं, आणि फाइलींच्या मुख्य कोष्टकाच्या पहिल्या काही नोंदींचीही वेगळी नक्कल असते. टेस्टडिस्क या दोन्ही प्रती तपासून बघतं. डिस्कवर काहीही न लिहिता ते आतल्या फाइलींची यादी दाखवू शकतं आणि तिथूनच त्या दुसऱ्या डिस्कवर उतरवता येतात. आधी उतरवून घ्या, बूट सेक्टर दुरुस्त करायचा मोह नंतरसाठी ठेवा. यादी दिसलीच नाही तर त्याच मंडळींचं फोटोरेक आहे. ते फाइल सिस्टीमकडे बघतच नाही, प्रत्येक प्रकारच्या फाइलीची सुरुवातीची ठरलेली खूण शोधत अख्खी डिस्क चाळतं. फोटो मिळतात, पण नावं आणि फोल्डर जातात. हजारो फोटो क्रमांकांच्या नावाने पुढ्यात पडतात, ते लावायला दिवस जातात. तरी हातात फोटो असतात. आणि जे काही वाचवाल ते कधीही त्याच डिस्कवर परत लिहायचं नाही.

पेंडिंग सेक्टर दिसले तर रस्ता बदलतो. आधी तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर अख्ख्या डिस्कची प्रतिमा (इमेज, म्हणजे सेक्टरन् सेक्टर नक्कल) घ्यायची आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतिमेवर करायचे. त्यासाठी लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू उत्तम. ते सोपे भाग आधी वाचून घेतं, अडलेल्या जागा टिपून पुढे जातं आणि शेवटी परत येऊन त्यांच्याशी झुंजतं. त्याची मॅप फाइल (काय वाचून झालं याची नोंद) न विसरता द्या, म्हणजे मधे थांबावं लागलं तरी वाचलेलं पुन्हा वाचावं लागत नाही. वेळ किती लागेल? धडधाकट डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट देत असेल तर २ टेराबाइटला साडेपाच तास. तीच यूएसबी २ च्या पोर्टला लावली तर सेकंदाला ३५ च्या आसपास, म्हणजे सुमारे १६ तास. आजारी डिस्कचं गणित वेगळंच, दोन-तीन दिवसही जातात. तेवढा वेळ ती सपाट, हवेशीर जागी, हलणार नाही अशी ठेवा आणि संगणकाचा स्लीप बंद करा.

आणि आतून ठराविक लयीत टक-टक असा आवाज येत असेल, तर यातलं काहीच करू नका. डिस्क काढा आणि परत लावू नका. वाचणारं हेड जागा सापडत नाही म्हणून पुन्हा पुन्हा मागे जातंय, आणि बिघडलेलं हेड तबकडीवर ओरखडे पाडू शकतं. हे काम डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचं. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना सल्ला अजून फिरतो. आत दव धरतं आणि होतं नव्हतं ते जातं. केसिंग फोडून आतली डिस्क थेट डेस्कटॉपला लावायचा सल्लाही नेहमी चालत नाही. काही पोर्टेबल डिस्कांमध्ये यूएसबीचं तोंड आतल्या सर्किटवरच जोडलेलं असतं, दुसरं तोंडच नसतं. काहींमध्ये केसिंगची चिप प्रत्येक गोष्ट कूटबद्ध करून लिहिते, पासवर्ड ठेवलेला नसला तरी. तिथे चिप बाजूला केली की आतली डिस्क निव्वळ कचरा दाखवते.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, जोडायची रीत. फोटो परत मिळाले की नवी डिस्क लागणारच आहे, तेव्हा ती पहिल्यापासूनच नीट तयार करा.

नव्या डिस्कची फाइल सिस्टीम कोणती, यावर लोक फार घोळ घालतात. बॅकअप एकाच विंडोज संगणकाचा असेल तर एनटीएफएस, एकाच मॅकचा असेल तर एपीएफएस, लिनक्सचा असेल तर ईएक्सटी४. ‘सगळीकडे चालते’ म्हणून एक्सफॅट घ्यावं असं सांगितलं जातं, आणि चालतं हे खरं. विंडोज आणि मॅक दोघं त्यावर लिहितात, लिनक्समध्येही २०१९ पासून त्याची सोय झाली. पण एक्सफॅट जर्नल, म्हणजे चालू लेखनाची नोंदवही, ठेवत नाही. लिहिता लिहिता केबल सुटली तर अर्धवट राहिलेला व्यवहार कुठून उचलायचा याची नोंद तिथे नसते, आणि हीच ‘रॉ’ची एक नेहमीची वाट आहे. फाइली इकडून तिकडे नेण्याच्या पेन ड्राइव्हला एक्सफॅट ठीक, बॅकअपला मी देत नाही. मॅक एनटीएफएस वाचतो पण एरवी त्यावर लिहीत नाही, आणि अडचणीच्या वेळी वाचता आलं तरी पुष्कळ. एफएटी३२ चा विचारच नको, ४ जीबीची एक फाइलही त्यात बसत नाही.

जोडताना संगणक पूर्ण सुरू झालेला असावा आणि चार्जरवर असावा. डिस्क आधी टेबलावर सपाट ठेवा, मग केबल लावा. लावल्यावर हलवू नका. साधारण पोर्टेबल डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०, आणि हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. चालू डिस्क उचलून दुसरीकडे ठेवणं हा मला माहीत असलेला सगळ्यात घातक निष्काळजीपणा आहे. नव्या मॅक लॅपटॉपवर, मॅकओएसच्या व्हेंच्युरा आवृत्तीपासून, ‘हे उपकरण जोडू द्यायचं का’ असं विचारलं जातं. पडदा लॉक असताना डिस्क लावली तर ती दिसत नाही आणि लोक डिस्कला दोष देतात. आधी अनलॉक करा.

बॅकअप घेताना गती सुरुवातीला झकास आणि थोड्या वेळाने एकदम मंद झाली तर घाबरू नका. बऱ्याच पोर्टेबल डिस्का एकावर एक कौलं रचावीत तशा चढवलेल्या पट्ट्यांवर लिहितात. आधी एका छोट्या मोकळ्या भागात भराभर उतरवून घेतात, तो भरला की मूळ जागी लावायला वेळ लागतो. स्वस्त एसएसडींचंही कॅश भरल्यावर असंच होतं. अशा वेळी ‘लटकली’ समजून केबल ओढणं म्हणजे हातानेच बिघाड करणं.

काढताना नेहमी ‘सेफली रिमूव्ह’ किंवा ‘इजेक्ट’. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ या आवृत्तीपासून बाह्य डिस्कांसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण मूळचंच आहे, त्यामुळे लिहिणं चालू नसेल तर नुसती काढली तरी चालते, असं म्हणतात. पण लिहिणं चालू नाही हे तुम्हाला कसं कळणार? पार्श्वभूमीत अनुक्रमणिका बनवणारं, व्हायरस तपासणारं काहीतरी डिस्कला हात लावूनच असतं. लिनक्सवर तर कॉपीची पट्टी पूर्ण झाल्यावरही बराच डेटा मेमरीतच असू शकतो. ‘डिस्क वापरात आहे’ असा नकार आला तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमच्या नोंदींत २२५ क्रमांकाची नोंद बघा, कोणत्या प्रोग्रॅमने अडवलं ते तिथे नावानिशी लिहिलेलं असतं. तेवढी खटपट नको असेल तर शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा. नुसत्या शट डाउनमध्ये विंडोज फास्ट स्टार्टअपसाठी आपली अर्धी अवस्था जपून ठेवतो. शिफ्टने तो खरोखर बंद होतो. मग दिवा विझला की दहा-पंधरा सेकंद थांबा आणि डिस्क उचला.

काम झालं की डिस्क काढायचीच. कायम लावून ठेवलेली डिस्क सोयीची असते, पण लॅपटॉपवर जे संकट येईल ते तिच्यावरही येतं. विजेचा झटका दोघांना एकदम बसतो. रॅन्समवेअर (खंडणीसाठी फाइली अडवणारा घातक प्रोग्रॅम) ज्या ज्या डिस्कवर तुम्हाला लिहिता येतं तिथलं सगळं कुलूपबंद करतं. मे २०१७ मध्ये पसरलेला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर तर नव्याने जोडल्या जाणाऱ्या डिस्कांवरही पाळत ठेवून होता. म्हणून आठवड्यातून एकदा जोडा, बॅकअप घ्या, तपासा, काढा. विंडोजची फाइल हिस्टरी किंवा मॅकचं टाइम मशीन वापरलंत तर जुन्या आवृत्त्याही राहतात. ‘मिरर’ करणाऱ्या साधनांपासून सावध राहा. लॅपटॉपवर चुकून उडालेली फाइल ती बॅकअपवरूनही इमानेइतबारे उडवतात.

तपासणं म्हणजे फोल्डरची नावं दिसली की समाधान मानणं नव्हे. मूळ फोल्डर आणि बॅकअप दोन्हीकडे राइट क्लिक करून फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवा. मग डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार-पाच जुने फोटो आणि एखादा मोठा व्हिडिओ मधून उघडून बघा. डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या कूटबद्ध करण्याच्या सोयीने) कुलूपबंद केली असेल तर ४८ अंकांची रिकव्हरी की कागदावर लिहून वेगळी ठेवा. ती त्याच लॅपटॉपवर ठेवण्याला काही अर्थ नाही.

आणि एक डिस्क पुरत नाही. छायाचित्रकार पीटर क्रॉघ यांच्या नावाने ३-२-१ हा नियम ओळखला जातो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. घरच्या माणसाला मी निदान दोन डिस्का आलटून पालटून वापरायला सांगतो, म्हणजे एक जोडलेली असताना दुसरी कुठल्याच तारेला नसते. वर्षानुवर्षं कपाटात राहणारी प्रत फिरत्या डिस्कवर ठेवा. एसएसडी विजेविना पडून राहिली की हळूहळू विसरते; लेखनक्षमता संपत आलेल्या साध्या एसएसडीने ३० अंश सेल्सियसला एक वर्ष डेटा धरावा, एवढीच जेडेक या मेमरी-चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. दोन्ही प्रकारच्या डिस्का वर्षातून एक-दोनदा जोडून वाचून पाहायला हव्यात.

आता तुमच्या या डिस्कचं. सगळे फोटो दोन वेगळ्या ठिकाणी पोचले, उघडून तपासले, त्यानंतर तिला खुशाल फॉरमॅट करा, पण क्विकची खूण काढून. अख्ख्या डिस्कवर लिहिलं जाईल, सहा-सात तास लागतील, आणि तीच तिची परीक्षा. संपल्यावर स्मार्टच्या त्या ओळी पुन्हा वाचा. पेंडिंग शून्य आणि रीअलोकेटेड होतं तेवढंच असेल, तर दोष केबलचा किंवा मधेच ओढून काढण्याचा होता, आणि नव्या केबलवर ही डिस्क दुसरी प्रत म्हणून वापरायला हरकत नाही. आकडा एकानेही वाढला असेल तर तिच्यावर ठळक अक्षरात ‘खराब’ लिहा आणि पुन्हा कुठल्याही बॅकअपसाठी तिला जोडू नका.